मुद्राक्षरांची वळणे आणि त्यांचे वर्गीकरण

घटक चाचणीच्या कागदावर एका ओळीत ‘बेल’ हा शब्द छापलेला आहे आणि शेजारी चार चित्रे आहेत. त्यांत बेलाचे फळ आहे आणि मांडवावर चढलेली वेलही आहे. कागद संगणकावर तयार झाला, त्याची एक प्रत निघाली, त्या प्रतीवरून झेरॉक्स निघाल्या, आणि त्या झेरॉक्सवरून पुन्हा झेरॉक्स. या प्रवासात ‘ब’च्या पोटातील तिरपी रेघ काळ्या शाईत बुडाली. दुसरीतील मुलाने समोर जे दिसले ते बिनचूक वाचले आणि ‘वेल’च्या चित्राला जोडले. तपासताना त्यावर फुली पडली. अशी फुली वर्षभरात किती मुलांच्या वाट्यास येते याचा हिशेब कोणी ठेवीत नाही. ‘घन’ आणि ‘धन’, ‘भार’ आणि ‘मार’, ‘षट’ आणि ‘पट’ या जोड्यांचीही हीच कथा आहे. वाचन कच्चे आहे असा शेरा मारण्यापूर्वी छापील अक्षर पक्के होते काय, हे पाहणे शिक्षकास अगत्याचे आहे. आणि ते पाहावयाचे तर मुद्राक्षरांची ओळख हवी.

लिपी एक असली तरी तिच्यातील अक्षरांची वळणे अनेक असतात. शाळेतील चाळीस मुले एकच देवनागरी लिहितात, परंतु शिक्षक वही न उघडता, वरच्या पानावरील नावावरूनच ती कोणाची आहे हे सांगतो. छापील अक्षरांचेही तसेच आहे. एका वळणाने, एका प्रमाणाने काढलेल्या संपूर्ण अक्षरसंचास छापखान्यात पूर्वी ‘टाइप’ किंवा ‘खिळे’ म्हणत. आज संगणकावर त्यासच ‘फाँट’ म्हणतात. शिशाचे खिळे गेले, खिळे जुळविणारे जुळारीही गेले, परंतु वळणे राहिली. पूर्वी गावाच्या छापखान्यात चारसहा जातींचे टाइप असत. आज शिक्षकाच्या खिशातील मोबाइलमध्येच त्याहून कितीतरी अधिक वळणे बसली आहेत. निवड करण्याचे जे काम पूर्वी छापखान्याचा मालक करी, ते आता न सांगता शिक्षकाकडे आले आहे.

काय पाहावयाचे

वळणांचे वर्गीकरण डोळ्यांनी करावयाचे असते. त्यासाठी प्रथम अक्षराच्या रेषेची जाडी पाहावी. ती सर्वत्र सारखी आहे, की कोठे जाड व कोठे बारीक होते? होत असेल तर फरक थोडा आहे की फार? मग जाड भाग कोठे येतो ते पाहावे. रोमन लिपीतील ‘ओ’ हे अक्षर यासाठी सर्वांत सोयीचे. त्याच्या दोन जाड कडा अगदी समोरासमोर आहेत, की एक थोडी वर व दुसरी थोडी खाली अशी ती कललेली आहेत? तिसरी गोष्ट रेषेच्या टोकाची. टोक सरळ छाटलेले आहे, की त्यास लहानसा आडवा पाय फुटलेला आहे? या पायास ‘सेरिफ’ असे म्हणतात. पाय नसलेल्या अक्षरांस ‘सॅन्स-सेरिफ’. फ्रेंच भाषेत ‘सॅन्स’ म्हणजे ‘वाचून’, ‘विना’. शेवटी अक्षराच्या पोटातील मोकळी जागा पाहावी. वर्गीकरणाच्या ग्रंथांत या शेवटच्या गोष्टीस फारसे स्थान नाही, परंतु शाळेच्या दृष्टीने तीच पहिली मानावयास हवी, कारण झेरॉक्समध्ये प्रथम बुजते ते पोट.

ही लक्षणे कोणी ठरवून निर्माण केली नाहीत. ती लेखणीतून उतरली. शिक्षकांच्या मागील पिढीने दोन लेखण्या हाताळल्या होत्या. बोरूचे टोक रुंद व सपाट छाटलेले असे. हात ज्या दिशेस जाई त्याप्रमाणे रेघ आपोआप जाड वा बारीक उमटे, त्यास जोर लावावा लागत नसे. टाकाची इंग्रजी निब मात्र टोकदार. ती खाली ओढताना दाबली की दोन पाती फाकून रेघ जाड होई, आणि वर नेताना केसासारखी बारीक. या दोन लेखण्यांतील भेद ज्याच्या हातास ठाऊक आहे त्यास रोमन मुद्राक्षरांचा तीनशे वर्षांचा इतिहास निम्मा समजलाच.

रोमन टाइपांची कुळे

जर्मनीतील माइन्झ येथे गुटेनबर्गने १४५५ च्या सुमारास बायबल छापून पुरे केले. त्याचे टाइप त्या प्रदेशातील हस्तलिखितांच्या जाड, दाट, कोनदार अक्षरांवरून घडविलेले होते. या कुळास काळे अक्षर अथवा गॉथिक म्हणतात. पुढे पंधरा वर्षांनी, १४७० साली, व्हेनिस येथे निकोलस जेन्सन या मूळच्या फ्रेंच मुद्रकाने निराळ्या वळणाचे टाइप वापरले. इटलीतील विद्वान प्राचीन ग्रंथांच्या नकला ज्या मोकळ्या, गोलसर अक्षरांत करीत ते त्याने पुढे ठेवले. गंमत अशी की, ते अक्षर आपण प्राचीन रोमनांचे म्हणून घेत आहोत अशी त्या विद्वानांची समजूत होती. वास्तविक त्यातील लहान अक्षरे शार्लमेन राजाच्या काळची, म्हणजे इसवी सन ८०० च्या सुमाराची होती. मोठी अक्षरे मात्र खरोखरच रोमन शिलालेखांची. रोममधील ट्रेजन राजाच्या स्तंभाच्या पायथ्याशी इसवी सन ११३ मधला जो लेख आहे त्यातील अक्षरांस सुरेख पाय आहेत. पाथरवटाच्या छिन्नीमुळे हे पाय आले असे पूर्वी मानीत. एडवर्ड कॅटिच या अमेरिकन धर्मगुरूने १९६८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात, अक्षरे दगडावर प्रथम सपाट कुंचल्याने लिहीत आणि सेरिफ हा त्या कुंचल्याच्या वळणाचा ठसा आहे, असे दाखवून दिले. तो स्वतः अक्षरे रंगविणारा कारागीर होता, म्हणूनच त्याला ते दिसले असावे.

जेन्सनच्या वळणास मानवतावादी म्हणतात. त्यात जाड-बारीक फरक बेताचा आहे, ‘ओ’चा कल स्पष्ट तिरपा आहे, आणि लहान ‘ई’ची आडवी रेघसुद्धा तिरपी चढते. रुंद टोकाची लेखणी तिरपी धरल्याच्या या खुणा होत. व्हेनिसमधीलच आल्डस मॅन्यूशियसने फ्रान्चेस्को ग्रिफो या कारागिराकडून १४९५ च्या सुमारास जे टाइप करविले त्यांत ती रेघ आडवी झाली, फरक थोडा वाढला. त्याच वाटेने फ्रान्समध्ये क्लोद गारामों गेला. १५०१ मध्ये आल्डसने तिरप्या अक्षरांत लहान आकाराची पुस्तके छापली. आज इटालिक म्हणून जे ओळखले जाते ते तेथून निघाले. इंग्रजी पुस्तकांच्या मजकुरातील आजची कितीतरी वळणे याच कुळातील आहेत.

अठराव्या शतकात टोकदार लेखणीचा प्रभाव सुरू झाला. इंग्लंडमधील बर्मिंगहॅम येथील जॉन बॅस्करव्हिल हा पूर्वी सुलेखन शिकविणारा मास्तर होता. १७५७ साली त्याने व्हर्जिलचे काव्य छापून प्रसिद्ध केले. त्याच्या अक्षरांतील कल जवळजवळ उभा झाला होता आणि बारीक रेघा अधिक बारीक. लोक म्हणू लागले की या अक्षरांनी वाचकांचे डोळे जातील. बेंजामिन फ्रँकलिन हा स्वतः मुद्रक. त्याने १७६० मध्ये बॅस्करव्हिलला लिहिलेल्या पत्रात एक हकीगत सांगितली आहे. असेच डोळ्यांचे गाऱ्हाणे सांगणाऱ्या एका गृहस्थापुढे फ्रँकलिनने एक नमुन्याचा कागद ठेवला आणि हे बॅस्करव्हिलचे अक्षर, यातील दोष दाखवावे, असे म्हटले. गृहस्थाने तपशीलवार दोष काढले. वाचताना डोळे दुखतात असेही सांगितले. तो कागद वस्तुतः कॅस्लनच्या टाइपांचा होता, वरचे नाव फाडून टाकलेले. आणि कॅस्लनचे टाइप हा गृहस्थ आयुष्यभर बिनतक्रार वाचीत आला होता. नाव पाहून अक्षराची पारख करू नये, याचा याहून चांगला दाखला मिळणे कठीण. ‘हा फाँट मुलांना सोपा आहे’ असे कोणी सांगितले की शिक्षकांनी ही गोष्ट आठवावी.

पुढे फ्रान्समधील दिदो घराण्याने १७८४ च्या सुमारास आणि इटलीत पार्मा येथे बोदोनीने ही दिशा टोकास नेली. उभ्या रेघा खांबासारख्या जाड, आडव्या केसासारख्या, पाय सपाट आणि धारदार, कल संपूर्ण उभा. उत्तम कागदावर, उत्तम शाईने छापल्यास या अक्षरांसारखे राजस अक्षर नाही. परंतु ज्या कागदाची प्रतीची प्रत निघणार आहे त्यावर ते वापरू नये. बारीक रेघा पहिल्याच झेरॉक्समध्ये उडतात आणि मागे नुसते खांब उरतात.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी जाहिराती, सोडतीची भित्तिपत्रके यांचा काळ आला. दुरून दिसेल असे अक्षर हवे झाले. व्हिन्सेंट फिगिन्सने १८१५ मध्ये जाड, चौकोनी पायांचे टाइप दाखविले, तर १८१६ मध्ये चौथ्या विल्यम कॅस्लनच्या नमुन्यात पायच नसलेली मोठी अक्षरे प्रथम छापली गेली. त्या वेळी ती ओबडधोबड मानली गेली. विसाव्या शतकात मात्र याच बिनपायाच्या कुळाने जग व्यापले. लंडनच्या भुयारी रेल्वेसाठी एडवर्ड जॉन्स्टनने १९१६ मध्ये अक्षरे काढली. त्याचा शिष्य एरिक गिल याचे वळण १९२८ मध्ये आले. पॉल रेनर याचे फ्यूचुरा १९२७ चे, हेल्व्हेटिका व युनिव्हर्स ही दोन्ही १९५७ ची. एकाच कुळातील असली तरी ही भावंडे सारखी नाहीत. जॉन्स्टन व गिल यांच्या अक्षरांत लेखणीची चाल जाणवते, फ्यूचुरात कंपास व पट्टी, आणि हेल्व्हेटिकात कोणताच हात दिसू नये याची काळजी. जॉन्स्टन हा मुळात सुलेखनाचा शिक्षक होता, हे येथे मुद्दाम नोंदविण्याजोगे आहे.

वर्गीकरणाची पद्धत आणि तिची मर्यादा

या सर्व पसाऱ्यास नावे देऊन बसविण्याचे काम मॅक्सिमिलियाँ वॉक्स या फ्रेंच गृहस्थाने १९५४ मध्ये केले. त्याने नऊ वर्ग कल्पिले. नावे जोडशब्दांनी केली : गारामों आणि आल्डस मिळून ‘गाराल्द’, दिदो आणि बोदोनी मिळून ‘दिदोन’. चौकोनी पायांचा एक वर्ग, बिनपायाचा एक, छिन्नीने कोरल्यासारख्या अक्षरांचा एक, जोडून लिहिलेल्या हस्ताक्षरी वळणांचा एक, याप्रमाणे. आंतरराष्ट्रीय मुद्राक्षर संघाने १९६२ मध्ये ही पद्धत स्वीकारली, आणि १९६७ मध्ये ब्रिटिश मानक संस्थेने तिच्याच आधारे आपली विभागणी प्रसिद्ध केली. मुद्रणाच्या अभ्यासक्रमांतून ती अनेक वर्षे शिकविली गेली.

गुण पाहावयाचा तर ही पद्धत काळाच्या क्रमाने जाते, म्हणून स्मरणात राहते. दोष मात्र मोठा आहे. नऊ वर्गांना पुढे पुरवणी जोडली गेली तेव्हा गॉथिक अक्षरांस एक कप्पा मिळाला, आयर्लंडच्या गेलिक अक्षरांस एक, आणि रोमनेतर म्हणून उरलेल्या जगास एक. देवनागरी, अरबी, चिनी, तमिळ, सर्व लिप्यांतील सर्व वळणे त्या एका कप्प्यात. कोठाराचे नऊ खण गव्हाच्या जातींना द्यावे आणि दहाव्यावर ‘इतर धान्य’ अशी चिठ्ठी लावावी, तसा हा प्रकार. २०२१ मध्ये त्याच संघाने ही पद्धत मागे घेतली. तरीही रोमन अक्षरांपुरती तिची नावे प्रचारात आहेत, आणि ओळख होण्यासाठी ती वापरण्यास हरकत नाही.

वळणाचा प्रश्न केवळ रुचीचा नसतो, हे जर्मनीच्या उदाहरणावरून कळते. इतर युरोप रोमन वळणाकडे वळल्यावरही जर्मन पुस्तके शतकानुशतके गॉथिक कुळातील ‘फ्राक्तूर’ वळणात छापली जात. शाळेत हात घडविण्यासाठी लुडविग झुटरलिन याने बेतलेले कोनदार लेखन प्रशियातील शाळांत १९१५ पासून सुरू झाले. नाझी राजवटीने आरंभी गॉथिक अक्षर खरे जर्मन म्हणून मिरविले, आणि ३ जानेवारी १९४१ रोजी मार्टिन बोरमानच्या सहीच्या परिपत्रकाने तेच अक्षर ‘ज्यू अक्षर’ ठरवून बंद केले. आरोपास इतिहासाचा काडीचा आधार नव्हता. शाळांतून रोमन वळण सुरू झाले, आणि एका पिढीच्या अंतराने नातवंडांना आजोबांची पत्रे वाचता येईनाशी झाली. महाराष्ट्रास हे दुःख परके नाही. मोडी ही स्वतंत्र लिपी, तिचा प्रश्न टाइपाच्या वळणाहून मोठा. परंतु विसाव्या शतकाच्या मध्यास ती शाळांतून गेल्यावर घरोघरीच्या पेट्यांतील खरेदीखते व पत्रे घरच्यांनाच मुकी झाली.

देवनागरीची वळणे

देवनागरी अक्षरास सेरिफ नाही. त्यास शिरोरेषा आहे, काना आहे, गाठ आहे. म्हणून रोमनचे वर्ग त्यावर जसेच्या तसे चढविता येत नाहीत. संगणकावर एखाद्या देवनागरी फाँटच्या नावात ‘सेरिफ’ वा ‘सॅन्स’ असे शब्द आढळतात. ते त्याच्या जोडीच्या रोमन अक्षरांवरून आलेले असतात. देवनागरीपुरता त्यांचा अर्थ सामान्यतः ‘जाड-बारीक फरक असलेले’ आणि ‘जवळजवळ एकसारख्या जाडीचे’ एवढाच घ्यावा.

बोरूचा नियम मात्र येथेही लागू आहे, फक्त उलट्या दिशेने. रोमनसाठी लेखणीचा जो कल, त्याच्या विरुद्ध कल देवनागरीच्या बोरूस देतात. त्यामुळे उजवीकडून डावीकडे खाली उतरणारी रेघ जाड येते आणि डावीकडून उजवीकडे उतरणारी बारीक. ‘त’ पाहावा : कान्यापासून डावीकडे उतरणारा खांदा भरदार, आणि खाली उजवीकडे वळणारे शेपूट निमुळते. बोरू साधारण पंचेचाळीस अंशांत धरला जात असल्यामुळे शिरोरेषा आणि काना यांची जाडी जवळपास सारखी राहते. ज्या फाँटात हा नियम मोडलेला दिसेल, म्हणजे ‘त’चे शेपूट जाड आणि खांदा बारीक, तेथे रोमनचा चष्मा लावून देवनागरी काढली आहे असे समजावे.

देवनागरीच्या छपाईत पूर्वी दोन प्रमुख वळणे मानीत, कलकत्त्याचे आणि मुंबईचे. ‘अ’, ‘झ’, ‘ण’ ही अक्षरे आणि पाच, आठ, नऊ हे अंक दोहोंत निराळ्या आकाराचे होते. आज हिंदीच्या पुस्तकांतही पहिली तीन अक्षरे मुंबईच्या आकाराची दिसतात, इतके ते वळण सर्वमान्य झाले. त्याचे श्रेय मुंबईच्या कारागिरांस आहे. अमेरिकन मिशनच्या छापखान्यात टॉमस ग्रॅहॅमच्या हाताखाली पोरवयात काम केलेल्या जावजी दादाजी यांनी १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना सुरू केला. त्यांच्यासाठी राणोजी रावजी आरू यांनी पोलादी ठशांवर जी अक्षरे कोरली ती बोरूच्या नियमाशी इतकी प्रामाणिक होती, की संस्कृत व मराठी ग्रंथांच्या कित्येक पिढ्या त्यांवर पोसल्या. जुन्या शाळेच्या कपाटात निर्णयसागरची एखादी पोथी असल्यास ती रद्दीत जाऊ देऊ नये. अक्षर शिकविण्यास तिच्याइतके चांगले साधन विकत मिळत नाही.

आजच्या देवनागरी वळणांची विभागणी शिक्षकाच्या कामापुरती अशी करता येईल. बोरूच्या चालीचे, जाड-बारीक फरक असलेले वळण हे मजकुराचे. ग्रंथ, पोथ्या, पाठ्यपुस्तकांतील मोठा मजकूर यांस ते शोभते. एकजाड वळण हे पाटी-पेन्सिलीच्या व खडूच्या रेघेजवळचे. मूल स्वतः जे काढते त्याच्याशी ते जुळते, म्हणून पहिली-दुसरीच्या सरावपत्रांस ते सोयीचे. मथळ्याचे जाड वळण दुरून वाचावयाचे असते. लहान आकारात त्याचे पोट बुजते, आणि आरंभीचा ‘बेल’चा अपघात बहुधा याच वळणात घडतो. हस्ताक्षरी व नक्षीदार वळणे निमंत्रणपत्रिकेसाठी ठीक; स्नेहसंमेलनाच्या पत्रिकेवर ती खुशाल वापरावी, प्रश्नपत्रिकेवर नको.

याखेरीज मराठीचा असा एक प्रश्न आहे. मराठी ‘ल’ देठाचा आणि ‘श’ गाठीचा. हिंदीत या दोहोंचे आकार निराळे. महाराष्ट्र शासनाच्या २००९ च्या निर्णयाने मराठीसाठी देठाचा ‘ल’ व गाठीचा ‘श’ प्रमाण ठरविले. तथापि संगणकावरील पुष्कळशा फाँटांत प्रथम उमटतो तो हिंदी आकार. काही फाँटांत मराठी आकार आत दडलेले असतात आणि मजकुराची भाषा ‘मराठी’ अशी निवडल्यावर ते पुढे येतात. ‘टिरो देवनागरी मराठी’ यासारख्या फाँटात ते आरंभापासूनच आहेत, आणि तो विनामूल्य मिळतो. फळ्यावर गुरुजींनी एक ‘ल’ काढावा आणि सरावपत्रात दुसराच यावा, हे पहिलीत तरी होऊ देऊ नये. चौथीनंतर दोन्ही आकार मुद्दाम दाखवावे. हिंदीची पुस्तके वाचावयाची आहेतच.

इंग्रजीच्या तासास

महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी शिकविले जाते. मूल लहान ‘ए’ लिहिते ते गोल आणि शेजारी उभी दांडी असे. टाइम्स वा एरियलसारख्या वळणात छापलेला ‘ए’ मात्र वर छत्री असलेला दुमजली असतो. लहान ‘जी’ची तीच गोष्ट, टाइम्समध्ये त्यास खाली दुसरे कडे आहे. एरियलमध्ये मोठा ‘आय’ आणि लहान ‘एल’ शेजारी ठेवल्यास वेगळे ओळखता येत नाहीत. मुलाचा गोंधळ येथे बुद्धीचा नसून टाइपाचा असतो. ब्रिटनमधील रोझमेरी ससून यांनी १९८० च्या दशकात मुलांनाच निरनिराळी वळणे दाखवून त्यांची पसंती विचारली, आणि त्यावरून मुलांच्या वाचनासाठी स्वतंत्र वळण तयार केले. त्यातील ‘ए’ एकमजली आहे, आणि अक्षरांना पुढील अक्षराकडे जाणारे लहान शेपूट आहे. ते वळण हाताशी नसले तरी परीक्षा सोपी आहे. कोणताही इंग्रजी फाँट निवडण्यापूर्वी त्यात लहान ‘ए’, लहान ‘जी’, मोठा ‘आय’, लहान ‘एल’ आणि एकचा अंक एका ओळीत टंकून पाहावे. देवनागरीसाठी ‘ब व, घ ध, भ म, ष प, थ य’ ही ओळ टंकावी, तिची झेरॉक्स काढावी, त्या झेरॉक्सचीही झेरॉक्स काढावी, आणि ती तिसऱ्या रांगेतील मुलाच्या हाती वाचावयास द्यावी.

वर्गीकरण मुलांकडूनही करवून घेता येते. चौथी-पाचवीच्या मुलांना आठवडाभर छापील चिटोरी जमवावयास सांगावी : वर्तमानपत्राचा मथळा व खालचा मजकूर, बियाण्याची पिशवी, काडेपेटी, साबणाचे वेष्टन, एस. टी. चे तिकीट, औषधाच्या गोळ्यांची रिकामी पट्टी, लग्नपत्रिका, जुने पंचांग. वर्गात चार पुठ्ठ्याची खोकी मांडावी आणि त्यांवर काहीच नाव लिहू नये. कोणते चिटोरे कोणत्या खोक्यात टाकावयाचे हे मुलांनी आपसांत ठरवावे, आणि का ते सांगावे. पहिल्या दिवशी ती रंगावरून वाटण्या करतील, दुसऱ्या दिवशी आकारावरून. शिक्षकाने घाई करू नये. कोणीतरी ‘ह्या अक्षराची रेघ सगळीकडे सारखी आहे आणि ह्याची नाही’ असे म्हटले, की खोक्यांवर नावे लिहावयास घ्यावी. आणि ती नावे मुलांनी सुचविलेलीच असावीत.